आत्या गाडीवर येतात

बोरीवली स्टेशन हे इंग्रजांनी माझ्या बायकोच्या आत्यासाठी बांधलं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे बाकीची जी लाखो माणसं चढतात-उतरतात, ती आत्यांच्या परवानगीने. मूळ योजना अशी असावी की लांबच्या गाड्यांनी तिथे घटकाभर थांबावं, आत्यांनी डबा द्यावा, प्रवाशाची तब्येत बघावी, दोन प्रश्न विचारावेत आणि मग गाडीने सुखाने बडोद्याला, इंदूरला, अजमेरला कुठे जायचं तिथे जावं. आपल्याकडे पूर्वी माणसं असंच करायची. नातेवाईक आपल्या गावावरून जाणार असला की घरातलं कोणीतरी गाडीवर जायचं. गाडीवर जाणं म्हणजे गाडीत बसणं नव्हे. फलाटावर उभं राहून खिडकीशी बोलणं. पुढे माणसं विमानाने जायला लागली, उरलेली फोनवर बोलायला लागली, आणि ही पद्धत हळूहळू आटली. तिचा शेवटचा झरा आमच्या बोरीवलीत, स्टेशनजवळच्या एका तीन मजली सोसायटीत, तळमजल्यावर अजून वाहतो आहे.

माझी-त्यांची ओळखही गाडीवरच झाली. लग्नानंतर नीता आणि मी अबूला निघालो होतो. नवं लग्न, नव्या बॅगा. गाडीत बसून अर्धा तास झाला होता आणि मी नुकतंच काहीतरी बोलायचं धाडस करत होतो. तेवढ्यात बोरीवली आलं आणि खिडकीच्या गजांपलीकडे एक गोल चेहरा उगवला. "हाच का?" चेहऱ्याने नीताला विचारलं. नीताने मान हलवली. मग गजांतून एक हात आत आला, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला गेला, आणि निकाल लागला, "बरा आहे. पण जेवत नाही वाटतं." पाठोपाठ दारातून एक भलं मोठं पुडकं आत आलं, गाडी हलली, आणि तो चेहरा मागे मागे जात ओरडला, "चटणी वेगळी बांधलीये! आधी उसळ संपवा!" समोरच्या बाकावरचे मारवाडी आजोबा इतका वेळ आमच्याकडे संशयाने बघत होते. पुडकं सुटल्यावर त्यांचाही संशय फिटला. घावने होते, काळ्या वाटाण्याची उसळ होती आणि ओल्या खोबऱ्याची चटणी होती. त्या मधुचंद्रातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच, आणि हे मी नीतालाही सांगितलेलं आहे.

कोणी प्रवासाला निघालं हे कानावर आलं की आत्या कुठे, का, कशासाठी असलं विचारत नाहीत. त्या विचारतात, "डबा कितवा?" हल्ली विचारतात, "पेनार पाठव." पेनार म्हणजे पीएनआर. पूर्वी त्यांना कुठला डबा फलाटावरच्या कुठल्या खांबाशी येतो हे पाठ होतं. गाड्या लांबल्या, डबे बदलले, तरी अजूनही त्या चहाच्या टपरीपासून पावलं टाकत जातात आणि एके जागी उभ्या राहतात, आणि दार बरोबर त्यांच्या नाकासमोर येऊन थांबतं. ड्रायव्हर त्यांना बघून ब्रेक मारतो, असं नीताचं म्हणणं आहे. एवढ्याशा वेळात त्या काय काय उरकतात! "वाळलास," "केस कापून घे," "सासू कशी आहे," "गेली त्याचं वाईट वाटलं," हे सगळं डबा हातातून हातात जाईपर्यंत झालेलं असतं. एकदा तर त्यांनी लग्न जमवलं. सुरतेच्या एका ओळखीच्या मुलाला डबा द्यायला त्या सोसायटीतल्या एका मुलीला बरोबर घेऊन गेल्या, पिशवी जड आहे म्हणून. पिशवी तिच्याच हातून आत दिली. आज त्या दोघांना दोन मुलं आहेत. नवरा अजून तक्रार करतो की मी फक्त "चटणी तिखट आहे का" एवढंच विचारलं होतं.

चुका होत नाहीत असं नाही. एका पावसाळी संध्याकाळी आत्यांनी मेथीचे ठेपले आणि लोणचं भलत्याच माणसाच्या हातात दिलं. गाडी सुटली, आणि त्यांचा भाचा पुढच्या डब्याच्या दारातून उपाशी हात हलवत गेला. भलता माणूस रतलामचा कापडवाला निघाला. त्याने डब्यावर लिहिलेला आत्यांचा नंबर बघून फोन केला, ठेपल्यांची तारीफ केली आणि डबा परत द्यायला पुढच्या खेपेला बोरीवलीला दारात उभा राहिला. तेव्हापासून रतलामचे शेठ या मार्गाने जाताना कळवतात. भाचा कळवत नाही.

त्यांचं घर बघण्यासारखं आहे. जुन्या रेल्वेप्रवासाचं जे जे म्हणून जगातून नाहीसं झालं, ते सगळं तिथे उतरलेलं आहे. कपाटावर पट्ट्यांनी आवळलेला खाकी होल्डॉल, कोपऱ्यात लाकडी घडवंचीवर सुरई, शेल्फवर फिरकीचा तांब्या. पलंगाखाली काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांच्या यजमानांचं नाव, खाली मुक्काम, पोस्ट, तालुका. यजमान जाऊन खूप वर्षं झाली. सामान बाकाला बांधायची साखळी होती, तिने आता गॅसचं सिलिंडर बांधून ठेवलेलं असतं. ते कुठे जाणार होतं कोण जाणे. स्टेशनवरच्या वस्तूंवरही त्यांचा असाच जीव. रंगीत दिवे लावून गरगरणारं आणि वजनाच्या तिकिटामागे भविष्य छापून देणारं एक यंत्र फलाटावर होतं. ते बंद पडल्यावरही कित्येक दिवस आत्या त्याच्यावर उभ्या राहून बघायच्या. आणि बंद काचांच्या डब्यांवर त्यांचा भयंकर राग. "आतली माणसं नुसती तोंडं उघडतात माशांसारखी. काय बोलतात, देवाला ठाऊक." पण मौज अशी की जगाला गाडीवर भेटणाऱ्या आत्या स्वतः गाडीत कधी बसत नसत. कुठलंही लग्न असो, मुंज असो, "तुम्ही जा, मी गाडीवर येते."

ह्याचं कारण मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. तोपर्यंत आम्हीही बोरीवलीत राहायला आलो होतो आणि मी त्यांच्या लेखी "जावईबापू, तुम्ही" वरून "अरे, ती पिशवी धर" इथपर्यंत उतरलो होतो, म्हणजे घरातला झालो होतो. आत्यांचे थोरले भाऊ बडोद्याला असत. सगळे त्यांना आबा म्हणत. मूळ घर मालवणकडचं, वडील मुंबईच्या गिरणीत. आबाही तरुणपणी बडोद्याच्या गिरणीत लागले आणि आईला घेऊन तिकडेच राहिले. आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी एका उन्हाळ्यात आई वारली. निरोप आला तशी आत्या मिळेल त्या गाडीत बसल्या. ती गाडी वाटेत कुठेतरी माळावर थांबली आणि तासन्‌तास हललीच नाही. आत्या आबांच्या दाराशी पोचल्या तेव्हा स्मशानातून आलेल्या पुरुषांची धुतलेली धोतरं व्हरांड्यातल्या दोरीवर वाळत होती. आत्यांनी ती फाटकातून पाहिली. आत गेल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. तशाच मागे वळल्या आणि पुढच्या गाडीने बोरीवलीला आल्या. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत आणि आबांशी बोलल्या नाहीत. "माझी वाट बघितली नाही त्याने," एवढंच त्या धाकट्या भावाला, म्हणजे नीताच्या बाबांना, म्हणाल्या होत्या.

पुढे आबांच्या डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. दादरच्या एका डॉक्टरांकडे त्यांना दर काही महिन्यांनी यावं लागे, बरोबर सून शुभदा असे. पहिल्यांदा शुभदाचा फोन नीताला आला, नीताने भीतभीत आत्यांना सांगितलं. आत्या म्हणाल्या, "माका काय त्याचा?" रागावल्या की आत्या मालवणीत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज त्यांच्याकडे डोकावलो तर घरभर घावन्यांचा वास. पुडकं बांधून तयार होतं, पांढऱ्या दोऱ्याची त्यांची खास गाठ मारून, जी दातांनीच सुटते. "तुला स्टेशनकडे काम असेल ना?" मला नव्हतं. "असेल," त्या म्हणाल्या. "मी दिलं म्हणून सांगायचं नाही. बाजारातून आणलं म्हणायचं."

आबा गाडीच्या दारात उभे होते. उंच, किडकिडीत, काळा चष्मा. मी पुडकं दिलं, बाजारातून आणलं म्हटलं. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं, तोंडाशी नेऊन दातांनी ती सोडवली, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "बोरीवलीचा बाजार सुधारलाय हल्ली." मी परत आलो तर आत्या दारातच. "काय म्हणाला?" "बाजार सुधारलाय म्हणाले." आत्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या.

मग तेच सुरू झालं. येताना आबा मला धुतलेले डबे परत देत, आणि रिकामे नाही. आत बडोद्याचा ओलसर, गोडसर लिलो चिवडा असे. आत्या म्हणत, "कोणाक होयो हो चिवडो?" आणि दुपारी सगळे झोपले की एकट्या बसून संपवत. हळूहळू त्या स्वतःही फलाटावर यायला लागल्या, पण गाडीकडे पाठ करून, खांबाशी. आबा दारातून मला मोठ्याने सांगत, "तुझ्या आतेसासूला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव. लंगडतेय." खांबाकडून पाठमोरं उत्तर येई, "त्याला सांग, डोळ्यांचं औषध चालू असताना दारात उभं राहू नये. वारा लागतो." मी मध्ये उभा. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जात होतं. तरी मी प्रत्येक वाक्य इकडून तिकडे पोचवावं अशी दोघांची अपेक्षा असे, आणि मी पोचवत असे. शुभदा एकदा मला हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही नसतात तर ह्यांचं काय झालं असतं?" मला वाटतं, मी नसतो तर हे लवकर मिटलं असतं. इतक्या थोड्या वेळापुरता राग माणूस वर्षानुवर्षं जपू शकतो. गाडी सुटते, राग शाबूत राहतो.

आणि एक दिवस गाडी सुटलीच नाही.

आबा बडोद्याला परत निघाले होते. मोतीबिंदू काढून झाला होता, चष्मा साधा झाला होता. पुडकं दिलं, तेलाचा आणि वाऱ्याचा निरोप पोचवून झाला, आणि नेहमीप्रमाणे मी मागे सरकून हात वर केला. हात तसाच राहिला. गाडी उभी. आबांनी हलवायला उचललेला हात दांडीवर ठेवला. आत्यांची पाठ जराशी ताठ झाली. चहावाला सांगत आला की पुढे रुळांवर म्हशी आल्यात, एक तर बसलीच आहे. लोक खाली उतरले, कोणी पाणी भरायला गेलं. आम्ही तिघे जिथल्या तिथे. बोलायचं सगळं संपलेलं होतं. मी उगीच म्हणालो, "म्हशी आल्यात म्हणे."

बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "तिला सांग, उभी कशाला? बाकावर बस म्हणावं."

मी तोंड उघडणार तोच खांबाकडून आलं, "माका आयकाक येता."

मी तोंड मिटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मधला निरोप्या गाळला गेला होता. आत्या बाकावर बसल्या, अजून पाठमोऱ्याच. आबा सावकाश पायरी उतरून खाली आले आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनी पुडकं मांडीवर घेतलं, गाठ दातांनी सोडवली, घावनं तोडून उसळीला लावलं.

"मीठ कमी पडला," ते म्हणाले.

"बाजारात तसाच गावता," आत्या म्हणाल्या.

मला हसू आलं, पण मी दाबलं. आबा थोडा वेळ खात राहिले. मग खाता खाताच थांबले. "तुझी गाडी खय अडाकली होती ता कोणाक म्हायत नाय होता, बाय. मी दोन माणसा स्टेशनार धाडलंय. फोन तरी खय होते तेव्हा?"

आत्या गर्रकन वळल्या. "थांबाक होया होता!" आजूबाजूची माणसं बघायला लागली, इतक्या मोठ्याने. "माझी आवस होती ती. तोंड बघूक गावला नाय माका."

"होय," आबा म्हणाले. "होया होता."

पुढे काहीतरी बाजू मांडली जाईल असं मला वाटलं होतं. उन्हाळा होता, शेजारपाजारची वडीलधारी मंडळी घाई करत होती, हे सगळं मला शुभदाकडून माहीत होतं. पण आबा नुसते घावन्याच्या तुकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण बाय, एक सांग. आवस कधी कोणासाठी थांबली? गाडीच्या तीन तास आधी स्टेशनार जावन बसणारी बाई ती. आपणाक दोघांक ट्रंकेर बसवन ठेवी. तिका उशीर चाललो असतो?"

आत्यांचं तोंड उघडं राहिलं. रागाचं काहीतरी यायचं होतं, ते अर्ध्यावर आलं आणि वाटेतच त्याचं हसू झालं. त्या पदर तोंडावर धरून हसायला लागल्या. "आणि आमका लघवीक पण सोडी नाय," त्या म्हणाल्या, "गाडी चुकतली म्हणान!" आबाही हसायला लागले, त्यांना ठसका लागला, आत्यांनी त्यांच्या पाठीवर दणके घातले आणि दणके घालता घालता रडायला लागल्या. मी पाणी आणायला म्हणून नळापर्यंत गेलो आणि लवकर परत आलो नाही.

तेवढ्यात भोंगा झाला. शुभदा दारातून ओरडली, "आबा! चला, सुटतेय!" आबा उठले. डब्याकडे पाहिलं, दोन पावलं टाकली. गाडीने धक्का दिला. आबा थांबले, आणि अगदी शांतपणे परत बाकावर येऊन बसले. "तू हो पुढे," ते सुनेला म्हणाले. "मी मागच्या गाडीने येतो." शुभदा, आबांची बॅग, आबांची औषधं आणि आबांचं तिकीट विरारच्या दिशेने निघून गेलं. आत्या घाबरून उभ्या राहिल्या. "अरे मेल्या, कपडे नाय तुझ्याकडे!" आबा म्हणाले, "उसळ असा ना अजून?"

मागची गाडी पंधरवड्याने आली. शुभदाने औषधांची नावं फोनवर सांगितली. कपड्यांचा प्रश्न आत्यांच्या यजमानांच्या कपड्यांनी सोडवला; ते बुटके आणि रुंद होते, त्यामुळे आबा सकाळी नॅशनल पार्ककडे फिरायला निघाले की त्यांचा पायजमा घोट्यांच्या बराच वर आणि सदरा दोन माणसांचा असे. भाऊबहीण दिवसभर भांडत. बोंबील कुरकुरीत तळावेत की मऊ, आईच्या नथीत मोती किती होते, मालवणला बोटीतून उतरताना पाण्यात नेमकं कोण पडलं होतं. आबा म्हणत आत्या, आत्या म्हणत आबा. मी संध्याकाळी गेलो की दोघे मला न्यायाधीश करत आणि निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी दोघे मिळून माझ्यावर तुटून पडत. रात्री आबा पलंगावर आणि आत्या खाली चटईवर. दिवा मालवल्यावरही बोलणं चालूच असे, असं शेजारचे सांगत.

मग निघायचा दिवस आला. आत्या पहाटे उठल्या, पुडकं बांधलं, गाठ मारली. मी रिक्षा आणली. आबा चपला घालून उंबऱ्यात उभे राहिले आणि आत्या आतच. मी म्हटलं, "आत्या, चला. वेळ होईल." ओट्यावरचं फडकं धुताधुता त्या म्हणाल्या, "तू जा. माका जमाचा नाय."

उभ्या जगाला गाडीवर भेटणाऱ्या आत्यांनी असं म्हणावं! मी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली, आत गेले, आत्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. स्टेशनवर मी त्यांना जागेवर बसवलं. समोरच्यांना सांगून ठेवलं, बडोद्याला मुलगा घ्यायला येणार होता. गाडी अगदी वेळेवर सुटली. तो आबांचा शेवटचा प्रवास. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना हलू दिलं नाही, आणि हिवाळ्यात ते गेले. पण हे सगळं पुढचं.

मी परत आलो तेव्हा आत्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. "सुटली?" "सुटली." "वेळेवर?" "वेळेवर." मला निघावंसं वाटेना, म्हणून मीही टेकलो. भाजीवाला येऊन गेला, कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडाखालचं ऊन सरकत राहिलं. आत्यांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पालघर." मग डोळे मिटून, "डहाणू. हवा बदलता थय." जेवण झालं, ताटं झाली, त्या परत खुर्चीत. वापी झालं. सुरतेला चहा घेतला की नाही याची त्यांना काळजी वाटली. मला डुलकी लागली आणि जाग आली ती त्यांच्या हालचालीने. आत्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत दोन्ही हात जोडले होते आणि कपाळाला लावले होते. "काय झालं?" मी विचारलं. "नर्मदा," त्या म्हणाल्या. "पूल सुरू झालो."

ऊन कलल्यावर शुभदाचा फोन आला. मी हळूच सांगितलं, "आत्या, आबा पोचले."

आत्या उठल्या. खुर्ची भिंतीशी लावली. "माका म्हायत असा," त्या म्हणाल्या. "मगाशीच उतरलो तो. पायरी उंच असा थयची. पण जपून उतरलो."